लग्नाआधीचा आहेर

माझ्या थोरल्या जाऊबाईंचं नाव वर्षाराणी. नाव ऐकून कुणालाही वाटेल की बाई गोरी, नाजूक, पंख्याखाली वाढलेली असणार. प्रत्यक्षात अक्का (मी तिला अक्काच म्हणते) माझ्याहून वीतभर उंच, काळीसावळी, आणि मनगटं गड्यासारखी. शाहूवाडीच्या डोंगरातली, भातशेतीतली लेक. हसली की आमच्या गडमुडशिंगीतल्या गल्लीच्या टोकाला पिठाची गिरणी आहे, तिथं चालू गिरणीत ऐकू जातं.

ही वही मी रोज दुपारी लिहिते, भांडी झाली की. पानावर आधी ‘श्री अंबाबाई प्रसन्न’ घालते. तिचं नाव वर असलं की खाली खोटं लिहिता येत नाही, म्हणून सरळ सांगते : मला अक्काचा हेवा वाटतो. आजकालचा नाही. बावीस वर्षं झाली, लग्न होऊन या घरात आले तेव्हापासूनचा.

मी बारावी पास, ती सातवी. माझे वडील मोर्च्यांतले, झेंडा खांद्यावर घेऊन फिरणारे, म्हणून माझं नाव क्रांती. घरात शिकलेली सून मी. पण कुणाचं लग्न जमवायचं, बी कुठलं आणायचं, कुणाकडं रुसवा काढायला जायचं, सगळं अक्काला विचारून. चुली वेगळ्या होऊन अकरा वर्षं झाली, मधे नुसती एक भिंत आहे, तर आत्याबाई, म्हणजे आमच्या सासूबाई, बाळाबाई, राहिल्या तिच्या बाजूला. माझी आमटी त्यांच्याकडं पाठवली की म्हणतात, “बरी हाय.” अक्काच्या आमटीला काहीच म्हणत नाहीत. नुसती वाटी दुसऱ्यांदा पुढं करतात.

आणि म्हशी. माझ्या दोन म्हशींना मी वैरण-आंबोण वेळेवर घालते, गोठा धुते, शुक्रवारी त्यांना कुंकू लावते. तरी दूध अक्काच्याच म्हशी जास्त देतात. गावात कुणाची म्हैस अडली, रेडकू आडवं आलं, की माणूस आमच्याच दारात.

“अक्का, चला की वो! पाय तेवढा दिसतोय, पुढं सरकंना.”

“आलो आलो. गरम पानी ठेवलंय का? न्हाय? मग काय आरती करायला बोलवाय आलाईस व्हय रं?”

आमच्याकडं बायका ‘आले, गेले’ न म्हणता ‘आलो, गेलो’ म्हणतात. अक्का त्यातलीच. निऱ्या खोचून, खांद्यापर्यंत हात साबणानं धुऊन ती जायची आणि मागनं बादली घेऊन तिची पूर्णिमा, आठ वर्षांची असल्यापासून. पोरीनं पहिलं रेडकू ओढलं तेव्हा ती सातवीत होती. म्हणजे आईनं जिथं शाळा सोडली, तिथं.

तीच पूर्णिमा यंदा बारावीला आणि नीटला एवढे मार्क पाडून बसली की तिचं नाव सरकारी यादीत लागलं. जनावरांची डॉक्टर. साताऱ्याच्या पलीकडं कॉलेज, साडेपाच वर्षं. यादी मोबाइलवर आली तेव्हा अक्का शेणात होती. ओरडली ती तशीच, दोन्ही हात वर करून. मी भिंतीअलीकडं देवपूजा करत होते. घंटा वाजवायची राहून गेली.

मुलींची फी माफ म्हणतात, ते खरंच आहे. पण वसतिगृह, खानावळ, अनामत, पुस्तकं, कसली कसली हत्यारं, पांढरे डगले, ह्याला माफी नाही. पहिल्या वर्षाचाच आकडा ऐकून थोरल्या भावजींनी, जोतीरामांनी, पोरीला पुन्हा वाचायला लावला. मग गोठ्यात जाऊन म्हशीजवळ उभे राहिले. पैसे भरून हजर व्हायची शेवटची तारीख दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची. नाही भरले तर जागा खालच्या नंबरच्या मुलीला.

त्या दिवशी सगळे अक्काच्या सोप्यात बसलो होतो. भावजी हळूच म्हणाले, “ताजी व्यालेली म्हस इकावी म्हनतो.”

“म्हस इकायची न्हाय,” आत्याबाई म्हणाल्या. “तिच्यावर घर चाललंय. मला एक सांग जोत्या, पोरीच्या लग्नात भावकी आहेर करनार हाय का न्हाय?”

“करंल की.”

“पावणं-रावळं करतील?”

“करतील. आपन त्यास्नी केलाय की.”

“मग त्यो आत्ताच करा म्हनावं. तांबे-पितळी नगोत, साड्या नगोत, रोख द्या. लग्नात हात हालवत या, जेवा आनि जावा.”

माझे मालक, अमरसिंह, मांडीवर थाप मारून म्हणाले, “आई, तुला मंत्री कराय पायजे.”

अक्का हसली, गिरणीत ऐकू गेलं. मी चहा करत होते. साखरेचा चमचा हातातच राहिला.

का राहिला, तेही लिहिते. बारावीनंतर डी.एड.च्या यादीत माझं नाव लागलं होतं. वडिलांनी कोल्हापुरात जाऊन पत्र्याची ट्रंक आणली, हिरवी, दोन कड्यांची. पेंटरकडून वर पांढऱ्या रंगात लिहून घेतलं : ‘कु. क्रांती, प्रथम वर्ष’. ट्रंक घरी आली, दोन दिवस मी तिच्यात कपडे घालत-काढत होते. तिसऱ्या दिवशी चुलते आले. पोरगी शिकली की स्थळ वरचं बघावं लागतं, मग आहेर-मानपान वरचा, शिक्षणाला पैसा घातला तर लग्नाला काय घालणार? वडिलांनी जगाच्या न्यायासाठी मोर्चे काढले, पण भावापुढं त्यांचा आवाज निघाला नाही. दोन वर्षांनी ट्रंक माझ्याबरोबर सासरी आली, साड्यांनी भरून. लग्नात मला एकावन्न तांबे आले. त्यातले चाळीस अजून माळ्यावर आहेत, कागदसुद्धा काढला नाही. साड्या जुन्या होऊन गेल्या, आता ट्रंकेत माझ्या वह्या असतात.

तर लग्नाचा आहेर शिकायला देता येतो, हे कुणाला तरी सुचू शकतं, एवढं मला आत्याबाईंच्या तोंडून चोवीस वर्षं उशिरा कळलं. आणि तेही दुसरीच्या लेकीसाठी. माझा राजवीर आयटीआय करून गोकुळ शिरगावला कारखान्यात लागला, त्याच्या राजीखुशीनं लागला, त्याची तक्रार नाही. तक्रार माझी आहे, आणि ती कुणाकडं करावी असा माणूस घरात नाही.

पितृपंधरवडा चालू होता, म्हणून आहेर घटस्थापनेनंतर करायचा ठरला. तिसऱ्या माळेचा दिवस. आणि इथंच आमच्या माणसांनी आमच्यासारखीच चूक केली. नुसती ‘मदत’ म्हटलं असतं तर ज्याचे त्याला सवडीनं पैसे देता आले असते. पण एकदा आहेर म्हटलं, की आहेराचे सगळे नियम लागू! बायकांना हळदी-कुंकू, पुरुषांना टोपी-टॉवेल, येणाऱ्याला जेवण. आणि सगळ्यांत मोठा नियम, पहिला आहेर मामाचा. मामानं ठेवल्याशिवाय दुसऱ्या कुणी ताटात हात घालायचा नाही.

पूर्णिमाचा मामा एकच, आकाराम, अक्काचा पाठचा भाऊ. त्याला बोलवायचं तर मूळ धाडायला पाहिजे, म्हणजे घरच्या माणसानं जाऊन, कुंकू लावून, अक्षता देऊन बोलवायचं. आई-बापांनी जायचं नसतं, काका-काकीनं जायचं. म्हणजे आम्ही.

“क्रांती, घटाच्या आदल्या दिशी जाऊन ये. अवस असली तर असू दे, एकदा घट बसला की सवड न्हाय,” अक्का म्हणाली. “त्यो लई मानाचा हाय. लहानपणापासनं. वाढताना पहिली भाकरी दुसऱ्याला गेली तरी उठून जायचा.”

“जाते,” मी म्हटलं.

मालकांची ड्युटी निघाली. ते म्हणाले, एसटीनं जा. मी गेले नाही. घरात घट बसवायचा होता, माती आणायची होती, सप्तधान्य निवडायचं होतं, हे सगळं खरं आहे. पण त्यातलं एकही कारण नव्हतं. मी दुपारी बसून मोबाइलवर गणपतीचं चित्र काढलं, खाली ‘आग्रहाचे निमंत्रण’ लिहिलं आणि आकारामच्या नंबरला पाठवून दिलं. अक्कानं विचारलं, “सांगितलंस?” मी म्हटलं, “सांगितलं.”

अंबाबाई, तुझे नऊ दिवस मी पायांत चप्पल घालत नाही, एकदा जेवते, आणि त्याच्या आदल्या दिवशी हे बोलले.

तिसऱ्या माळेला सोपा भरला. गल्लीत बातमी आधीच पसरली होती की पूर्णिमाची सुपारी फुटली. समोरची बायडाबाई पदर सावरत आली.

“न सांगता जमवलं व्हय गं! पोरगा काय करतोय?”

पूर्णिमा म्हणाली, “पोरगा न्हाय बायडाआजी, म्हस हाय. साडेपाच वर्सं नांदायचं, मग सोडचिठ्ठी.”

“आगं बया!” म्हणून बायडाबाई खाली बसली ती जेवूनच उठली.

मधे पाटावर ताट. ताटात हळद-कुंकू, विडा, सुपारी. भावकीतली माणसं भिंतीला टेकून. सगळ्यांच्या खिशांत पाकिटं, बायकांच्या कमरेच्या पिशव्यांत पाकिटं. जेवणं झाली, दुसऱ्यांदा चहा झाला. मामा आला नाही. अक्का दारापर्यंत चारदा जाऊन आली. भावजींनी फोन लावला, बंद.

अमरसिंह म्हणाले, “जाऊ दे, सुरुवात करूया. मागनं येईल त्यो.”

तर विठाबाई, आमच्या चुलत सासूबाई, हातातलं पाकीट परत पिशवीत घालून म्हणाल्या, “मामाच्या आधी मी कशी करू? उद्या पोरीचं कायतरी वाकडं झालं की विठीनं पाय घातला म्हनतील. मी बाई न्हाय.”

विठाबाईंनी नाही म्हटल्यावर कोण करतो? एकेक उठला. “मामा आला की कळवा, लगी येतो.” “पैसं कुठं पळत्यात?” टोपी-टॉवेल मात्र सगळ्यांनी नेले. अक्का प्रत्येकाला दारापर्यंत पोचवून, हसून, पान देत होती. शेवटचा माणूस गेल्यावर ती गोठ्यात गेली. सकाळी धुतलेला गोठा तिनं पुन्हा धुऊन काढला.

खरं लिहिते. त्या संध्याकाळी मला वाईट वाटलं नाही. रिकामं ताट उचलून मी फडताळात ठेवलं आणि माझ्या मनात आलं, बघ, तुझ्याही ताटात काही पडलं नाही. इतकं स्पष्ट आलं, की कुणी ऐकलं की काय म्हणून मी मागं वळून बघितलं. मागं घट होता. परवाच्या मातीतून गव्हाचे पिवळे कोंब वर आले होते.

पाचव्या माळेला, ललितापंचमीला, मी दरवर्षी टेंबलाईच्या टेकडीवर जाते. त्या दिवशी अंबाबाईची पालखी स्वतः टेंबलाईला भेटायला जाते. कोल्हापुरातल्या कुठल्याही पोराला ती गोष्ट ठाऊक आहे : युद्धात टेंबलाईनं मदत केली, पण जिंकल्यावर आनंदसोहळा झाला त्यात तिला बोलवायचं राहून गेलं. ती रुसली, नगराकडं पाठ करून टेकडीवर जाऊन बसली. मग अंबाबाई आपण होऊन तिथं गेली. अजून दरवर्षी जाते. मी लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून बघितलंय, सासरी येऊन बावीसदा बघितलंय. दैत्याच्या नावानं कोहळा फुटला की प्रसादाला लोकांची झुंबड, हलगी, तोफ, मी त्यात हात जोडून उभी असते.

यंदाही तशीच उभी होते. दगडांवर पाय भाजत होते. पालखी वर आली, लोकांनी नाव घेऊन ओरड केली, आणि माझे जोडलेले हात एकदम ओशाळल्यासारखे झाले. एवढी मोठी देवी. तिनं चित्र पाठवलं नाही. माणूसही पाठवला नाही. आपण उठली आणि गेली.

मला तर नुसती एसटी धरायची होती.

सहाव्या माळेला सकाळी म्हशींची धार काढून मी मलकापूरची गाडी धरली. तिथून पुढं वडापची जीप. पुढची दीड मैल वाट चढणीची, पावसानं उखडलेली, खडी वर आलेली. भात पिवळं पडायला लागलं होतं. आकाराम बांधावर खुरपं घेऊन बसला होता. मला ओळखलं नाही.

“कोन पावणं?”

“मुडशिंगीची क्रांती. मूळ घेऊन आलेय, मामा.”

तो उठला नाही. “आता? जेवनावळी झाल्या की तिसऱ्या माळेलाच. मुडशिंगीचा दूधवाला सांगत हुता, लई माणसं जमलती म्हनं. मला फोटू आलता. फोटूला कुंकू लावून घिऊ व्हय मी?”

“जेवनं झाली. आहेर झाला नाही. तुमच्यावाचून कुणी पाकीट काढलं नाही.”

त्याचं खुरपं थांबलं. “मग ताई कुनाला धाडायची ती—”

“अक्कानं मलाच धाडलं होतं. मी आले नाही. खोटं सांगितलं तिला. चूक तिची न्हाय.”

“का आला न्हाईसा?”

घट होता, ड्युटी होती, सगळं तोंडापर्यंत आलं. पण उपास होता. “मला बघवत नव्हतं,” मी म्हटलं. “तिच्या लेकीला सगळे मिळून पाठवतायत, ते.”

आकारामनं माझ्या तोंडाकडं बघितलं नाही, पायांकडं बघितलं. अंगठ्याला ठेच लागून रक्त आलं होतं. मग तो हसला. हुबेहूब अक्काचं हसणं, बांधावरचे बगळे उडाले.

“तुमाला बघवत न्हवतं, आनि मी तितं न्हाय म्हनून मला जगवत न्हवतं,” तो म्हणाला. “बसा खाली. हायस्कूल डोंगरापल्याड हुतं. बा म्हनला, दोघांस्नी न्हाय जमायचं, एकालाच धाडतो. ताई पयल्या नंबराची, मी ढ. ती म्हनली, आक्याला धाडा, त्यो बाप्या हाय. मी गेलो. आनि नववीत पळून आलो, मास्तरनं मारलं म्हनून. तिनं मला कधी एका शब्दानं बोललं न्हाय वो. बोलली असती तर सुटलो असतो. यादीत भाचीचं नाव लागलं तवाच मी ठरवलं, ह्यात पयला पैसा माझा पडंल. मग त्यो फोटू आला. मला वाटलं, ताई म्हनत आसंल, शाळा बुडवनाऱ्याचा कशाला पायजे पैसा.”

मी पिशवीतलं कुंकू काढून त्याला लावलं, हातावर अक्षता ठेवल्या; अष्टमीला येतो म्हणाला. त्यानं तांब्यातलं पाणी माझ्या पायावर ओतलं.

“तुमचं लई सांगते ती,” तो म्हणाला. “म्हनती, माझी जाऊ रोज दुपारी लिवत बसती. मी खिडकीतनं बघतो, पेन कसं पळतंय. म्हनती, देवानं तिला अक्षर दिलं, मला नुसतं मनगाट.”

परत येताना गाडीत मी हेच घोळवत होते. खिडकीतनं बघत होती! मला वाटायचं, चहाला बोलवायला येते आणि मी कामात दिसले की परत जाते. कुणालाही वाटेल की हे ऐकून माझा हेवा विरघळला. नाही विरघळला. उलट राग आला. मी बावीस वर्षं तिच्यावर जळले आणि तिला कळलं नाही असं समजत होते, आणि ती माझ्यावर जळली तर मला खरंच कळू दिलं नाही. त्यातही तीच सरस.

गावात उतरून मी घरी न जाता सरळ तिच्या गोठ्यात गेले. ती शेण गोळा करत होती. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. पाटी खाली ठेवली.

“पोरीची जागा गेली असती तर तुला हितं खुट्ट्याला बांधली असती,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणून मी जास्त भ्याले. “आंबोन घातलं असतं दोन्ही टायमाला. पर सोडली नसती.”

“व्हय,” मी म्हटलं.

“व्हय काय? भावाला मी तीन दिस शिव्या घालतोय मनातल्या मनात. त्या आता कुनाला घालू?”

“मला घाल.”

“घालतो. पयला ते शेन उचल.”

मी शेण उचललं. उपासाच्या अंगानं, पाटी भरून, तिच्या उकिरड्यावर. ती मागं उभी राहून बघत होती. दुसरी पाटी भरली तशी म्हणाली, “पायाला काय झालंय गं?” आणि उत्तराची वाट न बघता आत जाऊन हळद घेऊन आली.

अष्टमीला आकाराम आला. डोक्यावर भाताचं पोतं, अंगात नवा सदरा, टोपी तिरकी. अक्कानं त्याच्या तोंडावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. तो सोप्यात आला आणि सगळ्या भावकीदेखत रुमालाची गाठ सोडून ताटात पैसे ठेवले. किती होते ते लिहीत नाही. रुमाल इतका घट्ट बांधला होता की गाठ दातानं सोडावी लागली, एवढं लिहिते. मग विठाबाई अशा पुढं सरसावल्या, जणू पहिल्या दिवसापासून त्यांनाच कुणीतरी अडवून धरलं होतं. “सरका की बाप्यांनो, चुलत आजीचा मान हाय!” एकावर एक पाकिटं पडली. ताट पुरेना तेव्हा बायडाबाईनं आपलं सूप आणून दिलं. पोरगा नसून म्हैस आहे हे कळूनही तिनं आहेर आणला होता.

आमच्या घराचं पाकीट अमरसिंहांनी ठेवलं. माझं काम तिथं संपलं होतं. पण मी भिंतीला टेकून उभी होते आणि पूर्णिमाची यादी कानांवर पडत होती : गादी, बादली, कुलूप लागेल अशी पेटी. “पेटी इकतच घ्यायला लागंल,” भावजी म्हणत होते.

मी माझ्या घरात आले. ट्रंक उघडली. वह्या काढून खाटेवर रचल्या. रचता रचता खाट भरली. रिकामी ट्रंक हलकी असेल वाटलं होतं, तशी नव्हती. ओढत सोप्यात नेली, फरशीवर पत्र्याचा आवाज झाला, सगळे बघायला लागले.

“ही काकीची,” मी म्हटलं.

पूर्णिमा खाली वाकली. “काकी, हिच्यावर तुझं नाव हाय की. पेंटरकडनं पुसून घिऊ?”

मला म्हणायचं होतं, पुसून घे. पण तेवढ्यात अक्का पुढं आली, उकिडवी बसली. पांढऱ्या अक्षरांखाली बोट फिरवत सावकाश वाचलं. “कुमारी... क्रांती. प्रथम वर्ष.” पुन्हा एकदा ‘प्रथम वर्ष’ वाचलं. मग माझ्याकडं बघितलं.

“बावीस वर्सं मी हिला साड्यांचं खोकं समजत हुतो,” ती म्हणाली. आणि पोरीला, गिरणीत ऐकू जाईल अशा आवाजात, “पुसायचं न्हाय.”

दसऱ्याचं सोनं वाटून झाल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे भावजी आणि आकाराम पोरीला घेऊन गेले. ट्रंक गाडीच्या टपावर. गाडी वळेपर्यंत माझी नजर पोरीवर कमी आणि ट्रंकेवर जास्त होती, हेही लिहून ठेवते.

परवा पूर्णिमाचा फोन आला. पैसे भरले, खोली मिळाली, खोलीत चौघी. “काकी, हितं मला सगळ्या क्रांतीच म्हनत्यात. ट्रंक बघून. वार्डनबाईसुद्धा म्हणाल्या, क्रांती, प्रथम वर्ष, हितं सही कर.” ती हसत होती. मी पण हसले. फोन ठेवल्यावर मात्र देवघरासमोर जाऊन बसले. देवीला खरं ते सांगितलं : तिकडं कॉलेजात जी क्रांती सही करतेय तिचाही मला हेवा वाटला.

वह्या आता खाटेवर ठेवून चालणार नव्हत्या. अक्कानं तिच्या भाताच्या कणगीवरची फळी रिकामी करून दिली. तिच्या घरात, म्हणजे रोज दुपारी वही घ्यायला तिच्या दारातून जायचं. काल गेले, तर ती जमिनीवर पाय पसरून बसलेली, एक वही मांडीवर, डोळ्यांना आत्याबाईंचा चष्मा.

“तुझं अक्षर लई बारीक हाय गं,” ती म्हणाली. “ह्यात माझ्याबद्दलची कुठली?”

मी फळीकडं बघितलं. बावीस वर्षांच्या वह्या, एका ओळीत.

“सगळ्याच,” मी म्हटलं.

तिनं चष्मा वर सरकवला, पान उलटलं. “मग चहा ठेव जा,” ती म्हणाली. “टाइम लागंल.”